शेजारधर्म आणि मुंबई

मालवणच्या बंदरांत मुंबईची बोट लागत असे त्या काळीं पडावांतून उतरणाऱ्या उतारूंकडे किनाऱ्यावरून दोन प्रकारचीं माणसें डोळे लावून बसत. एक, आपल्या चाकरमान्याला उतरवून घ्यावयास आलेलीं, आणि दुसरीं, आपला माणूस याही खेपेस आला नाहीं हें पाहून त्याच्या बातमीसाठीं इतरांच्या तोंडाकडे पाहणारीं. त्या बोटी बंद झाल्या. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाली, मनिऑर्डरीची जागा हातांतल्या यंत्रावरील देवघेवीनें घेतली. परंतु या किनाऱ्याचें मुंबईशीं असलेलें नातें कांहीं तुटलें नाहीं. फरक इतकाच कीं, पूर्वीं आमचीं माणसें तेथें पोट भरावयास जात; आतां त्यांच्या जोडीला जीव वांचवावयास जाणारींही पुष्कळ झालीं आहेत.

गेल्या महिन्यांत उच्च न्यायालयांतील एका कामासाठीं आमचें मुंबईस जाणें झालें. काम आटोपल्यावर परळास गेलों असतां टाटा रुग्णालयाच्या बाहेरील पदपथावर आमच्याच तालुक्यांतील एका ओळखीच्या कुटुंबाची गांठ पडली. म्हातारीवर उपचार चालू होते. मुलगा व सून एका ताडपत्रीखालीं नऊ दिवसांपासून राहत होतीं. त्यांच्या गांवच्या मंडळाची लालबागेंत खोली आहे हें आम्हांस ठाऊक होतें, म्हणून तिकडे कां गेलां नाहीं असें आम्हीं सहज विचारलें. खोलींत अकरा पुरुष राहतात, बाईमाणसाची तेथें सोय नाहीं, असें उत्तर आलें. मग जेवणाचें काय? तो म्हणाला, "राती एक ख्रिस्तांव मंडळी गाडी घेवन येतत. कोण ते माका म्हायत नाय, वकीलसायब. 'जेवलात काय?' इतक्याच इचारल्यानी."

मालवणास परतल्यावर ही हकीकत आम्हीं बाजारांतील एका प्रतिष्ठित व्यापारी स्नेह्यांस सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "वकीलसाहेब, त्यांचा हेतु निराळाच असणार." त्या स्नेह्यांविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. ते गांवच्या देवळाच्या जीर्णोद्धारास हात आंखडीत नाहींत, आणि दुष्काळ असो वा वादळ असो, वर्गणीच्या यादींत त्यांचें नांव वरच्या पांचांत असतें. त्यांनीं उच्चारलेली शंका एकट्या त्यांची नव्हे. आमच्या वर्गांतील शंभरांपैकीं नव्वदांच्या मनांत ती आहे, आणि तिला इतिहासाचा आधारही आहे. म्हणूनच तिचा विचार तोंडदेखला न करितां नीट केला पाहिजे.

वेंगुर्ल्यास ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांस तेथील सेंट ल्यूकचें रुग्णालय ठाऊक आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरिअन मिशनचें तें काम. डॉ. गोहीन यांनीं तेथें आयुष्याचीं उमेदीचीं वर्षें घालविलीं. त्यांचे चिरंजीव रॉबर्ट गोहीन यांचा जन्म १९१९ च्या ऑगस्टच्या पंधरा तारखेस वेंगुर्ल्यासच झाला, आणि पुढें ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष व १९७७ पासून १९८० पर्यंत अमेरिकेचे हिंदुस्थानांतील राजदूत झाले. रुग्णालयास लूकचें नांव कां, असें कोणीं विचारल्यास पहिलें उत्तर असें कीं, परंपरेनें लूक हा वैद्य मानिला जातो. परंतु दुसरेंही एक कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. लुटारूंनीं अर्धमेला करून टाकिलेल्या वाटसरूची आणि त्याला उचलून उतारशाळेंत नेणाऱ्या परजातीच्या शोमरोनी माणसाची गोष्ट चार शुभवर्तमानांपैकीं एकट्या लूकनेंच दिली आहे. "माझा शेजारी कोण?" या प्रश्नावर येशूनें ती सांगितली, आणि तो प्रश्न विचारणारा इसम कायदेपंडित होता. आमच्या व्यवसायबंधूंची ही खोड जुनी आहे. कर्तव्य अंगावर येऊं लागलें कीं आम्ही प्रथम व्याख्या मागतों.

ख्रिस्ती लोक मुंबईंत आले ते मात्र व्याख्या घेऊनच आले, हें विसरतां येत नाहीं. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले. त्यांच्या मागोमाग स्कॉटिश मिशन आलें. त्यांनीं शाळा काढल्या, छापखाने चालविले, 'ज्ञानोदय' १८४२ सालीं सुरू झाला. परंतु त्या पहिल्या पिढीचा सारा जोर वादावर होता. आमचे देव खोटे, आमचीं शास्त्रें भ्रामक, ही भाषा त्यांनीं सरसकट वापरली, आणि राज्यकर्त्यांचा धर्म व प्रचारकांचा धर्म एकच असल्यामुळें त्या भाषेला तोफेचा वास येई. मोरभट दांडेकर त्यांच्याशीं वाद घालावयास उभे राहिले, आणि १८५७ सालीं विष्णुबोवा ब्रह्मचारी यांनीं समुद्रकांठच्या वाळवंटावर जाहीर सभांतून मिशनऱ्यांशीं तोंड दिलें, तें अगदीं योग्य होतें. स्वाभिमानी समाजानें दुसरें काय करावें? पण त्या वाळवंटावर जिंकलेल्या वादांनीं गिरणगांवांतला एकही आजारी मजूर बरा झाला नाहीं, आणि हरलेल्या वादांनींही कोणी झाला नाहीं. लोकांचें मन वळलें तें दुसऱ्याच गोष्टींनीं.

त्या दुसऱ्या गोष्टींचें पहिलें मोठें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें, तेव्हां त्या ख्रिस्ती होऊन पांच वर्षें लोटलीं होतीं. सदनांत धर्मशिक्षण देणार नाहीं असें त्यांनीं सांगितलें होतें, आणि रानडे व भांडारकर यांच्यासारखे पुरुष सल्लागार म्हणून पाठीशीं उभे होते. पुढील वर्षीं सदन पुण्यास गेलें. १८९३ सालीं कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या ही गोष्ट बाहेर आली, पुण्यांत वादळ उठलें, सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि पालकांनीं मुली काढून नेल्या. वचन आणि वर्तन यांत अंतर पडलें हा आक्षेप त्या वेळीं खोटा नव्हता. श्रद्धाळू माणसाच्या घरांत राहणाऱ्या मुलींनीं त्याच्या प्रार्थनेकडे डोळेझांक करावी, ही अपेक्षाही तितकीच भाबडी होती. पण आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. काढून नेलेल्या मुलींचें पुढें काय झालें? ज्यांना घरीं ठाव नव्हता म्हणून त्या सदनांत आल्या, त्यांना वर्तमानपत्रांतील अग्रलेखांनीं घर दिलें काय? उत्तर आमच्याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या एका माणसानें दिलें. मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांनीं त्याच १८९३ सालीं शारदा सदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला, आणि १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंवर सर्वांत मोठी टीका कोणी केली याचा शोध संशोधकांनीं खुशाल घ्यावा. रमाबाईंच्या कामास राष्ट्रीय उत्तर दिलें तें कर्व्यांनीं, आणि तेंही त्यांच्याच सदनांत शिकलेल्या स्त्रीला बरोबर घेऊन.

१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईंतील मांडवीस प्लेग दिसला. तो ओळखणारा डॉक्टर गोव्याचा ख्रिस्ती होता. डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना मांडवीसच होता. ते त्या गल्लीबोळांत हिंडले, आणि 'ही साथ ग्रंथिक सन्निपाताची आहे' हें त्यांनीं इतरांच्या आधीं निर्भयपणें सांगितलें. व्यापारी पेठेंत हें सांगण्यास धैर्य लागतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस वेगळें समजावून द्यावयास नको. धोबीतलावापाशीं मेट्रोसमोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्या सावलींत आमचे लोक बसची वाट पाहतात. कोणाचा पुतळा हें दहांतील नऊ जणांस सांगतां येत नाहीं.

'मिशन' हा शब्दच पाहा. तो आमचा नव्हे; परंतु विठ्ठल रामजी शिंदे विलायतेंतून परत आल्यावर १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं त्यांनीं मुंबईंत अस्पृश्य वर्गासाठीं जी संस्था काढली तिला 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' असेंच नांव दिलें. गाडगे महाराजांच्या मागें चाललेल्या संस्थेच्या नांवांतही 'मिशन' आहे. ज्या पुरुषानें खराटा हातीं घेतला आणि ओठांवर नामस्मरण ठेविलें, त्याच्या नांवापुढें हा परकी शब्द आमच्या लोकांनीं बिनदिक्कत लाविला, आणि त्यांत कोणाला विटाळ वाटला नाहीं. नारायण मल्हार जोशी यांची 'सोशल सर्व्हिस लीग' १९११ सालची. गिरणगांवांत रात्रींच्या शाळा, फिरतीं वाचनालयें, दवाखाने, गरिबांस फुकट कायद्याचा सल्ला, हीं कामें लीगनें केलीं, आणि तेथल्या अनुभवांतूनच जोशी कामगार चळवळीकडे वळले. ख्रिस्ती सेवेचें अनुकरण करितांना या पुरुषांनीं तिच्यांतील उपदेश गाळला आणि पद्धत घेतली. या देवघेवींत आमचें नुकसान झालें असें म्हणणारास हिशेब तपासावयास सांगावें.

आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों. भायखळ्याजवळ नागपाडा म्हणून भाग आहे. मुसलमान, बगदादी यहुदी, ख्रिस्ती, हिंदु, नाना प्रांतांचे व नाना भाषांचे लोक तेथें शंभर वर्षांपूर्वीं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहत होते, आणि कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर होता. १९२५ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे एक तरुण पाद्री, क्लिफर्ड मॅनशार्ट, मुंबईस आले. लंडनच्या गरीब वस्तींत १८८४ सालीं निघालेलें टॉयन्बी हॉल आणि शिकागोंत १८८९ सालीं जेन ॲडम्स यांनीं काढलेलें हल हाउस यांची परंपरा त्यांच्या डोळ्यांपुढें होती. शिकलेल्या माणसांनीं गरिबांच्या वस्तींत जाऊन, त्यांचे शेजारी होऊन राहावयाचें, ही त्या परंपरेची मुख्य कल्पना. मॅनशार्ट यांनीं 'नागपाडा नेबरहुड हाउस' उघडलें. नांवांतच शेजार आहे. तेथें वर्ग होते, वाचनालय होतें, खेळ होते, दवाखान्याची सोय होती, आणि शहराच्या प्रश्नांवर जाहीर व्याख्यानें होत. धर्मांतर मात्र तेथें करावयाचें नव्हतें. मिशनऱ्यानें हें ठरवावें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. त्यांच्याच गोटांतील लोकांनीं त्यांस, मग तुम्ही येथें आलां कशाला, असें विचारलें असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. इकडे आमचे स्नेही विचारतात, याचा खरा हेतु काय. तिकडे त्यांचे स्वकीय विचारणार, याचा हेतु गेला कोठें. सेवा करणाराच्या वांट्यास हे दोन्ही प्रश्न येतात.

नागपाड्यानें शिकविलेली मोठी गोष्ट अशी कीं, दयेला डोळे पाहिजेत. दारावर आलेल्यास पसाभर तांदूळ घालणें ही आमची जुनी रीत आणि ती पुण्यकारक आहे. परंतु तो दारावर कां आला, उद्यां पुन्हां कां येणार, त्याच्या चाळींत पाणी किती वेळ येतें, त्याच्या मुलाला शाळेंतून कोणीं काढलें, सावकाराचें व्याज काय दरानें चाललें आहे, हें विचारल्याखेरीज त्या तांदुळांनीं भागत नाहीं. मॅनशार्ट यांनीं हे प्रश्न विचारण्याचें शास्त्र शिकवावयास माणसें तयार केलीं पाहिजेत असें धरिलें. सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीच्या मंडळींस तें पटलें, आणि १९३६ सालीं नागपाड्याच्या त्या शेजारघरांतच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालें. पहिले संचालक मॅनशार्टच होते. पुढें १९४४ सालीं या संस्थेचें नांव 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' असें झालें, १९५४ सालीं ती देवनारास गेली, आणि १९६४ सालीं तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज जी संस्था सर्वस्वीं राष्ट्रीय म्हणून आम्ही अभिमानानें दाखवितों, तिचा पाळणा एका मिशनच्या घरांत हलला होता. पारश्याचा पैसा, अमेरिकन ख्रिश्चनाची योजना, आणि विद्यार्थी सर्व जातिधर्मांचे. मुंबईंतील जें जें टिकलें तें बहुधा असेंच झालें आहे.

याच टाटा विश्वस्तनिधीनें १९४१ सालीं परळास कर्करोगाचें रुग्णालय उघडलें. तें पुढें सरकारकडे गेलें, आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या अधीन आहे. आणि नागपाड्यापासून जवळच असलेल्या जे. जे. रुग्णालयांत १९४६ सालीं, देशांत पहिल्यानेंच, वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. रोग्याची नाडी डॉक्टरानें पाहावी आणि त्याच्या घरची नाडी या माणसानें. आमच्या परळच्या त्या कुटुंबास, तपासणी कोठें करावयाची, मदतनिधीचा अर्ज कोणाकडे द्यावयाचा, शिधापत्रिकेची नक्कल कां लागते, हें सारें ज्या बाईंनीं टेबलापाशीं बसवून समजावून सांगितलें त्या बाई असाच अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या होत्या. रस्त्यावर जेवण देणारी गाडी व आंतल्या खोलींतील त्या बाई, या दोहोंचा उगम शोधीत गेल्यास तो एकाच डोंगरांतून निघालेला दिसतो. म्हातारीच्या मुलास अर्थात् यांतलें कांहीं ठाऊक नाहीं, आणि असण्याचें कारणही नाहीं.

तर मग हेतूचा प्रश्न. येथें आम्ही वकील म्हणून दोन शब्द बोलतों. राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या अधीन आहे. १९७७ सालीं रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, प्रसाराच्या हक्कांत दुसऱ्याचें धर्मांतर करण्याचा हक्क येत नाहीं. आणि जबरदस्ती, फसवणूक व आमिष यांस बंदी करणारे मध्यप्रदेश व ओरिसा येथील कायदे उचलून धरिले. त्याआधीं १९५६ सालीं नागपूरच्या नियोगी समितीनें, वैद्यकीय सेवा हें धर्मांतराचें प्रत्यक्ष साधन होऊं नये अशी शिफारस केली होती. परदेशांतून येणाऱ्या देणग्यांवर १९७६ पासून कायद्याचा लगाम आहे. २०१० सालीं त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली, आणि २०२० च्या दुरुस्तीनें तो आणखी आंवळला. सारांश कायद्यानें करावयाचें तें पुष्कळ केलें आहे. आजाऱ्याच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याच्या गळ्यांत कोणताही धर्म बांधणें हें आम्ही निंद्य समजतों, आणि अशा प्रकाराचा पुरावा कोणीं आणून दिल्यास तो न्यायालयापुढें मांडण्यास आम्ही आनंदानें उभे राहूं.

पण पुरावा हा शब्द आम्हीं जाणूनबुजून वापरला आहे. जेवणाच्या गाडीबरोबर एकही पुस्तक, चित्र वा माळ नव्हती. अशा ठिकाणीं 'हेतु निराळाच असणार' या वाक्यास आमच्या व्यवसायांत अनुमान म्हणतात, आणि दुर्बळ अनुमानावर फिर्याद टिकत नाहीं. शिवाय हेतु तपासण्याचा हक्क त्याला, ज्यानें त्याच रात्रीं त्याच पदपथावर दुसरें पातेलें ठेविलें असेल. मदर तेरेसांवरही हाच वाद झाला. १९५० सालीं कलकत्त्यास त्यांनीं आपली संघटना उभारली, १९५२ सालीं कालीघाटाजवळ मरणोन्मुखांसाठीं घर काढलें. त्यांच्या कामांत दुःखाचें मूळ शोधण्यापेक्षां दुःख कुरवाळण्याकडे कल अधिक होता, अशी टीका जाणत्या लोकांनीं केली, आणि ती आम्हांस सर्वस्वीं अमान्य नाहीं. नागपाड्याची रीत आम्हांस अधिक पटते. परंतु जो टीकाकार ती टीका करून घरीं जेवावयास गेला, त्याच्यापेक्षां मरणाराच्या तोंडांत पाणी घालणारी परकी बाई त्या मरणाराच्या अधिक जवळची, यांत शंका नाहीं.

आमचा किनारा निर्दय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. उलट, मुंबईंत एकमेकांस धरून राहण्यांत मालवणी माणसाची बरोबरी फार थोडे करतील. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनीं धोबीतलावास व माझगांवास गांवांगांवाचे क्लब, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'कूड', उभारले. तेथें नाममात्र भाड्यांत ट्रंक ठेवावयास जागा, कोपऱ्यांत देव्हारा, आणि संध्याकाळीं रोजच्या प्रार्थनेची सक्ती. त्याच काळीं आमच्या गांवोगांवच्या लोकांनीं परळ-लालबागेस मंडळाच्या खोल्या घेतल्या. पाळीपाळीनें झोपणारे वीस वीस गडी एका खोलींत राहिले, खानावळवालीनें उधारीवर महिना महिना जेवूं घातलें, मेलेल्याचें क्रियाकर्म मंडळानें केलें, आणि त्याच्या बायकोला गांवीं पैसे पोंचविले. सरकारनें, गिरणीमालकानें, मिशनऱ्यानें, कोणींही हें केलें नव्हतें. तें गांवानें केलें. या खानावळवाल्यांनीं गिरणगांव जगविलें ही गोष्ट प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्या बायकांना संघटित करीपर्यंत कोणाच्या हिशेबींही नव्हती.

परंतु या दयेला एक कुंपण आहे. गाऱ्हाणें घालतांना गांवकर जसा आपल्या शिवेच्या आंतल्या सर्वांसाठीं देवाकडे मागतो आणि शिवेबाहेर त्याचें मागणें जात नाहीं, तशी आमच्या मंडळांची दया गांवच्या शिवेपाशीं थांबते. आणि गांवांतही ती वाडीवाडीनें, जातीजातीनें वांटलेली असते. मुंबई धडधाकट पुरुषानें गजबजलेली होती तोंवर हें चाललें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्यांचे पुढारी डॉ. दत्ता सामंत आमच्याच देवबागचे. संप कधीं रीतसर मिटलाच नाहीं, गिरण्या गेल्या, खानावळी मोडल्या, खोल्यांचीं भाडेकरूपत्रें वादांत अडकलीं, आणि त्यांतील कित्येक वाद आमच्या टेबलावरून गेले आहेत. उरल्या खोल्यांत आज पुरुष राहतात. तेथें आजारी बाई, तिची सून, लहान मूल यांना जागा नाहीं, आणि शेजारच्या गांवच्या माणसाला तर नाहींच नाहीं.

इकडे घरची स्थिति काय? सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं स्वतंत्र झाला. ओरोसला आतां शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु मोठा आजार म्हटला कीं अजून बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबई हींच नांवें तोंडीं येतात. २०१८ सालीं गोव्यानें बांबोळीस बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेण्याचें ठरविलें तेव्हां दोडामार्ग-सावंतवाडीकडे केवढा क्षोभ झाला, तो वाचकांस आठवत असेल. गोव्याच्या सरकारनें आमचा शेजारधर्म पाळला नाहीं म्हणून आम्ही रस्त्यावर आलों. योग्यच होतें. पण लालबागच्या खोलींत पलीकडच्या गांवच्या म्हातारीला शिरूं न देणाऱ्या मंडळावर कोणी मोर्चा नेल्याचें ऐकिवांत नाहीं.

कायद्याची एक सोय येथें सांगणें अवश्य आहे, कारण ती शेंकडा नव्वद लोकांस माहीत नसते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याचें कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं मंजूर केलेली योजना यांअन्वयें मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनीं शेंकडा दहा खाटा निर्धन रुग्णांसाठीं फुकट आणि शेंकडा दहा खाटा दुर्बळ घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका बरोबर नेली पाहिजे, आणि नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करतां येते. पेठेंतील ज्या दुकानदारांकडे खेड्यांतलीं माणसें मुंबईस निघतांना पैसे उचलावयास येतात, त्यांनीं एवढें सांगितलें तरी कित्येकांचें घरदार गहाण पडावयाचें वांचेल.

राहण्याचा प्रश्न मात्र कायद्यानें सुटत नाहीं. दादरला गाडगे महाराजांच्या मिशनची धर्मशाळा आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णांस व त्यांच्या माणसांस ती मोठा आधार आहे; परंतु साऱ्या देशाचे रुग्ण परळास येतात, तिला पुरें पडणार कसें? आमच्या एकट्या मालवण तालुक्यांतील गांवांचीं मुंबईंत जीं मंडळें आहेत, त्यांच्यापैकीं निदान कांहींच्या शिलकेचे आंकडे लेखापरीक्षणाच्या निमित्तानें आम्हीं पाहिले आहेत. आंकडे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण सभागृहें, कमानी, रौप्यमहोत्सवी अंक आणि देवळांचे रंग यांवर जो खर्च होतो, त्याचा चतुर्थांश जरी पांचसहा मंडळांनीं एकत्र केला, तरी परळ-शिवडीच्या बाजूस दोन खोल्या वर्षभर भाड्यानें घेतां येतील. त्या खोल्यांवर कोणत्याही एका गांवाची पाटी नसावी. सिंधुदुर्गाकडचा रुग्ण, मग तो हिंदु असो, मुसलमान असो, कीं ख्रिस्ती असो, आणि त्याच्याबरोबरची बाईमाणसें यांना तेथें आधीं जागा मिळावी. २००५ सालीं सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आहे. तेथील ख्रिस्ती मंडळींसही या कामांत बोलवावें. एका ठिकाणीं बसून पातेलें उचलल्यावर हेतूची तपासणी आपोआप होते.

आमच्या व्यापारी स्नेह्यांस आम्हीं हें सर्व सांगितलें. त्यांनीं पुन्हां क्षणभर विचार केला आणि, भाडें किती पडेल, असें विचारलें. चतुर्थीला चाकरमानी येतील, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं बहुतेक गांवांतून मुंबई मंडळांच्या वार्षिक सभा भरतील. त्या सभांच्या कामकाजांत हा एक विषय घालावा, म्हणून चार गांवांच्या चिटणीसांस आम्हीं पत्रें लिहिलीं आहेत. एकाचें उत्तर आलें आहे. विषय घेऊं, पण ख्रिस्ती मंडळींचें नांव ठरावांत नको, असें त्यांचें म्हणणें आहे. ठरावांत कोणाचेंच नांव नको, खोलीचें भाडें तेवढें ठरावांत असूं द्या, असें आम्हीं त्यांस उलटटपालीं कळविलें आहे.